फोटोतला सदरा

ग्रामसेवकाने घरकुलाच्या यादीतलं माझं नाव वाचलं आणि मी मान खाली घातली. शेजारच्या केवळाबाईने मात्र भर ग्रामसभेत सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

घरकुलाच्या अर्जाला पडक्या घरासमोर उभं राहून काढलेला फोटो लागतो. माझ्या घरावर तर स्लॅब आहे. म्हणून मी तिच्या कुडाच्या झोपडीसमोर जाऊन उभा राहिलो. तिने अंगण झाडून दिलं. माझा इस्त्रीचा शर्ट बघून ती हसली आणि आतून तिच्या वारलेल्या नवऱ्याचा फाटका सदरा घेऊन आली. "हा घाला भाऊ, गरीब दिसाया पायजे." एक घर एकाच अर्जाला चालतं, हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं.

"केवळाबाई, तुमचा अर्ज बाद झालाय," ग्रामसेवक म्हणाला. "तुमच्या झोपडीचा फोटो आधीच दुसऱ्या अर्जाला लागलाय." त्याने मोबाईल तिच्यापुढे धरला.

ती बराच वेळ फोटो बघत राहिली. आता ती चारचौघांत माझी अब्रू काढणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर, तिने ती काढावीच, असंही वाटत होतं.

ती मात्र सभा उठल्यावर माझ्याजवळ आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "भाऊ, ह्यांचा सदरा तेवढा परत द्या. कुडाच्या भोकात कोंबलेला होता. गार वारं लई येतंय आत."