सगळ्यात मागची घंटा

"ही ताशी सत्तरनं पळते, आजी," दुकानातला माणूस लाल गाडीच्या टायरवर थाप मारत म्हणाला.

"आणि हळू किती चालते?" म्हातारीने विचारलं.

चिखलात, दगडांत, रानात कुठेही जाणाऱ्या असल्या फुगीर टायरांच्या चारचाकी तो सतरा वर्षं विकत होता. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

"गाईच्या चालीनं जाणारी हवी," म्हातारीच्या सुनेने सांगितलं. "बावीस गाई आहेत. आई पुढे चालतात, गाई मागून येतात. हाकायला काठी नाही, कुत्रं नाही."

"आता गुडघे ऐकत नाहीत," म्हातारी म्हणाली. "कुरण डोंगरावर आणि मी खाली. मुलगा म्हणतो, विकून टाकू. शनिवारी गिऱ्हाईक येतंय. त्याआधी मला गाडी पसंत पडली, तर गाई राहतील."

"आणि माझ्या कानात म्हणाला, घेऊन जा तिला, एकही पसंत पडायची नाही. म्हणजे विषय मिटला," सून म्हणाली.

"मला ठाऊक आहे तो काय म्हणाला. नऊ महिने पोटात वागवलाय त्याला."

म्हातारीने गाडीच्या मागच्या जाळीवर दोन्ही हात पसरून माप घेतलं. नुकतं जन्मलेलं वासरू, पाय दुमडून, एवढं. मावत होतं. मग तिने पिशवीतून एक पितळी घंटा काढली. वाटेत वाजू नये म्हणून तिच्या लोलकाला चिंधी गुंडाळली होती. चिंधी सोडून तिने घंटा सुनेच्या हातात दिली.

"तीस पावलं मागे राहा. आणि कानफाटीसारखी चाल, रेंगाळत."

कानफाटी म्हणजे सगळ्यात मागची गाय. घंटा तिच्याच गळ्यात असायची. ती ऐकू येते तोवर सगळ्या येतायत.

दुकानातल्या माणसाने म्हातारीला हात देऊन लाल गाडीवर बसवलं आणि खटका दाखवला. अंगठ्याने दाबायचा, बस्स. गाडी धडधडत निघाली. आवाराच्या टोकाला जाऊन म्हातारी थांबली.

"वाजव की गं."

"हात दुखायला लागला वाजवून," सून मागून ओरडली.

"आजी, आरसा लावून देतो," तो माणूस म्हणाला. "मागचं सगळं दिसेल."

"मी मागे बघितलं की त्या थांबतात. त्यांना वाटतं, हिलाच वाट माहीत नाही."

हिरव्या गाडीचा आवाज कमी होता, पण हळू चालवली की तिला उचकी लागायची. तिसरीवर म्हातारी बसलीच नाही. नुसती सुरू करायला लावली आणि मान हलवली. सुनेने घंटा छातीशी धरली. ऊन कलायला लागलं होतं.

"एवढ्याच?" म्हातारीने विचारलं.

"एवढ्याच. म्हणजे एक आहे, पण ती कुणी घेत नाही." त्याने पत्र्याच्या शेडकडे बोट केलं. तिथे राखाडी रंगाची एक गाडी उभी होती, तिच्यावर जुने टायर रचलेले. "बॅटरीवरची. आवाज नाही, म्हणून लोकांना वाटतं जोर नाही."

"जोर आहे का?"

"चढ चढते. ओढ्यातूनही जाते, गुडघाभर पाण्यातून."

"कुणाच्या गुडघाभर?"

त्या दिवशी तो माणूस पहिल्यांदा हसला. टायर उतरवून त्याने बाहीने सीट पुसली.

म्हातारीने अंगठा हळूच टेकवला. काहीच झालं नाही असं तिला वाटलं, आणि मग शेड मागे सरकायला लागली. चाकांखाली खडी करकरत होती, गाई गवत उपटताना होतो तसा आवाज. तीस पावलांवर घंटा वाजली.

म्हातारीने डोळे अर्धे मिटले. पत्र्यांवरचं ऊन धुक्यासारखं पसरलं. दोन्ही बाजूंना रांगेने उभ्या गाड्या पुसट झाल्या, त्यांच्या पाठी रुंद आणि उबदार दिसायला लागल्या. ओल्या गवताचा वास आला. पायवाट वर चढत होती आणि तिचे गुडघे दुखत नव्हते. मागे बावीस नाकांचा श्वास होता. कानफाटी कुंपणापाशी थांबली असेल, पाला ओढत. घंटा जरा लांब गेली. म्हातारीने अंगठा सैल केला. घंटा जवळ आली.

फाटक उघडंच होतं. ती त्यातून बाहेर पडली. पुढे गोदामांच्या मधला अरुंद रस्ता होता, सरळ, मोकळा, टोकाला उन्हात विरघळलेला.

"आजी, फाटकाबाहेर नाही न्यायची," मागून तो माणूस म्हणाला.

"त्या वळणार नाहीत आता," सून म्हणाली. तिचा हात थांबला नव्हता.

"अहो, पण कागद व्हायचेत. मी इथं एकटा आहे, दुकान उघडं टाकून कुठं येऊ?"

"मोठ्यानं बोलू नका. चला मागनं."

म्हातारीला सगळं ऐकू येत होतं. घंटा एका जागी वाजत राहिली, मागे मागे पडत गेली. तिने अंगठा आणखी सैल केला. गाडी गोगलगायीसारखी सरकत राहिली. तिने मान वळवली नाही.

फाटकाचं कुलूप लागल्याचा आवाज आला. मग घंटा पुन्हा चालायला लागली आणि हळूहळू तीस पावलांवर आली. तिच्याबरोबर आता आणखी एकाची पावलं होती, जड, जरा रेंगाळणारी.

म्हातारीने त्यांच्या चालीने गाडी घेतली.