रेषेवरचा चेंडू

मार्कुसने पापलेटची दुसरी तुकडी ताटात घेतली आणि हिलरीचा धीर पुन्हा सुटला. सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं.

हिलरी वसईजवळ पापडी गावात राहायचा, शाळेत पी.टी. शिकवायचा. थंडीत मुंबईच्या क्लबांत टेनिसचे सामने भरले की रेषेवरचा पंच म्हणून जायचा. काल, शनिवारी, त्याच्यासमोर हा एकोणीस वर्षांचा जर्मन पोरगा खेळत होता. व्यावसायिक खेळाडू होऊन त्याला पुरतं वर्षही झालं नव्हतं. तिसरा, शेवटचा सेट, समोरच्याचा मॅच पॉइंट; हा गुण गेला की मार्कुस हरला. मार्कुसचा सणसणीत फटका मागच्या रेषेकडे आला. "आऊट!" हिलरी ओरडला. आणि मग त्याला रेषेवरून उडालेला चुना दिसला; चेंडू रेषेला लागला होता, म्हणजे आतच होता.

हात वर करून चूक सुधारता आली असती. सामना पुढे चालला असता. पण एवढ्या लोकांदेखत त्याचा हात उचलला गेला नाही. मार्कुसने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. भांडला नाही. नेटपाशी जाऊन हात मिळवून निघून गेला.

संध्याकाळी तोच पोरगा क्लबच्या फाटकाशी बॅगेवर एकटा बसलेला दिसला, तेव्हा हिलरी बोलून गेला, "उद्या रविवार आहे. वसईला माझ्या घरी जेवायला ये."

सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर त्याने फादरांना गाठून सगळं सांगितलं. फादर म्हणाले, "मला सांगून काय होणार? ज्याचं नुकसान केलंस, त्याला सांग. मन हलकं होईल."

आणि आता पोरगा समोर बसून चवीने जेवत होता. मघाशी वाडीत फिरून आला होता. केळीला घड धरायला किती महिने लागतात, असलं काहीबाही विचारत होता. बिचारा दुःख गिळून हसतोय, असं हिलरीला वाटलं.

"विचारा ना त्याला, भात वाढू का," फ्लॉसी नवऱ्याला म्हणाली.

हिलरीने विचारलं नाही. एका दमात इंग्रजीत म्हणाला, "मार्कुस, कालचा तो चेंडू आत होता. चुना उडालेला मी पाहिला होता. तरी गप्प बसलो."

मार्कुसचा घास हातातच राहिला. फ्लॉसीला शब्द कळले नाहीत, पण तिनेही भाताचं भांडं खाली ठेवलं. हिलरीची छाती मात्र खरंच हलकी झाली.

"नक्की?" मार्कुसने विचारलं.

"नक्की."

मार्कुसने घास ताटात परत ठेवला. मग एकेक शब्द शोधत बोलू लागला. "माझ्या वडिलांची बेकरी आहे. त्यांनी मला टेनिससाठी एक वर्ष दिलं होतं. वर्षभर मी प्रत्येक पंचाशी भांडलो. हरलो की दोष दुसऱ्याचा. काल तुमच्याकडे पाहिलं आणि वाटलं, या माणसाला खोटं बोलायचं कारण काय? चेंडू बाहेरच गेला असणार. मी तेवढा चांगला नाही, एवढंच. मग मी वडिलांना तार केली. घरी येतो, बेकरीत उभा राहतो."

"दुसरी तार कर!" हिलरी उठलाच. "क्लबातही मी स्वतः सांगतो. लिहून देतो."

मार्कुसने नकारार्थी मान हलवली. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच हिलरीला सोसवेना.

"मी तेवढा चांगला नाही, एवढं तरी काल मला नक्की कळलं होतं, सर," तो म्हणाला. "आता तेही राहिलं नाही."