समोरच्या घरची पिल्लं

"कोण पाहिजे?"

तपासनीसांनी दार उघडून विचारलं, तेव्हा त्या बाईने समोरच्या कुलपात किल्ली घातलीही होती. ती जराही दचकली नाही.

"पिल्लांना खायला घालायला आलेय, काका."

"कसली पिल्लं?"

तिने हातातल्या टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. आत सशाची दोन पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती. "डॉक्टरकडे नेली होती. ताई-दादा फिरायला गेलेत ना, तोवर मी बघतेय."

समोरचं बिऱ्हाड नवं होतं. नवरा-बायको जिन्यात भेटले की हसायचे, त्यापलीकडे ओळख नाही. ते बॅगा घेऊन गेले, ते मात्र तपासनीसांनी पाहिलं होतं. त्यांचा उभा जन्म आगगाडीत तिकिटं तपासण्यात गेला होता. विनातिकीट माणूस आपण नुसत्या चेहऱ्यावरून ओळखतो, असं ते छातीठोकपणे सांगत.

"ती बाई मला काही सरळ वाटत नाही," आत येऊन ते म्हणाले.

"मी तरी कुठे वाटते?" बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दाराच्या भिंगाला डोळा लावला. बाई येताना गवताची पिशवी आणायची आणि जाताना भरलेलं पोतं न्यायची. येताना हलकी, जाताना जड. पाणी कुठेतरी मुरत होतं.

एकदा त्यांनी तिला जिन्याच्या तोंडाशीच अडवलं.

"पोत्यात काय आहे?"

"घाण झालेलं गवत."

"उघडा."

"अहो!" बायको मागून ओरडली.

बाईने निमूट गाठ सोडली. ओल्या गवताचा आणि लेंड्यांचा भपकारा तपासनीसांच्या नाकात शिरला. ते चार पावलं मागे सरले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"विचारलंत ते बरं केलंत," बाई शांतपणे म्हणाली. "असा शेजार मिळायला नशीब लागतं."

त्या दिवशी बायकोने त्यांना जेवताना असं काही सुनावलं, की दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून माफी मागायला गेले. बाईने माफीबिफी काही ऐकून घेतली नाही. टोपलीच त्यांच्या मांडीवर ठेवली.

"कोवळी आहेत, काका. गवत सतत पुढ्यात हवं, पोट त्यावरच चालतं. या खाद्याच्या गोळ्या मात्र बेतानेच. आवडतात म्हणून ओतल्या, की गवताला तोंड लावत नाहीत. आणि कोबीबिबी अजून नको हं."

त्यांनी तळहातावर गोळी धरली. एक इवलंसं नाक थरथरत जवळ आलं. ओठांचा गुदगुल्या करणारा स्पर्श झाला, आणि तपासनीस विरघळले.

मग ते रोज दाराबाहेर खुर्ची टाकून पिल्लांना भरवू लागले. बाई आत साफसफाई करायची. "आत नका येऊ, फरशी ओली आहे," असं तिने सांगितलं होतं, आणि पिल्लं सोडून उठायला त्यांनाही सवड कुठे होती? निघताना पोतं मात्र ते हट्टाने स्वतः उचलायचे. फाटकावरच्या रखवालदाराने हटकलं, तेव्हा त्यालाच त्यांनी झापलं, "माझ्या ओळखीच्या आहेत!"

"ओलं गवत भलतंच जड असतं गं," घरी येऊन ते कंबर चोळत म्हणायचे.

एके दिवशी बाई डोळे पुसत आली. तिची आई आजारी होती, तातडीने गावी जायचं होतं. ताई येईपर्यंत काका पिल्लांना सांभाळतील का?

विचारायचं काय त्यात! पिल्लं तपासनीसांच्या घरी आली. बायकोने आधी नाक मुरडलं, मग खोक्यात जुनी चादर अंथरली, आणि दोन दिवसांत तीच गोळ्या मोजून वाढू लागली. इतक्या वर्षांनी त्या घरात कुणाची तरी भूक सांभाळायची होती.

समोरची मंडळी परतली ती दुपारी. जिन्यात बॅगांची खडखड ऐकली मात्र, तपासनीस टोपली घेऊन बाहेर धावले. नवरा कुलपाशी खटपट करत होता.

"घ्या तुमची ठेव!" ते हसत म्हणाले. "गवत भरपूर, गोळ्या बेताने. एक वेळ चुकवली नाही."

त्याच्या बायकोने बॅग खाली ठेवली आणि एक पिल्लू अलगद उचलून गालाशी धरलं.

"अय्या, किती गोड!" ती म्हणाली. "ससे कधी पाळलेत हो, काका?"