अप्पांची तेलुगू

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर नरसिंगअप्पा मराठी विसरले. तरुणपण हैदराबादेत बांधकामावर गेलेलं, त्यामुळे आता तोंडून फक्त तेलुगू यायची. राजेश्वर गावातल्या त्यांच्या घरात ती कुणालाच येत नव्हती.

त्यांची लेक प्रेरणा रोज बसने बसवकल्याणला जायची आणि नेट कॅफेत बसून एका वेबसाइटवरून तेलुगू शिकायची.

"कामून जीव काढायलीस माय?" आई म्हणायची.

"अप्पा दिवसभर काय विचारायलेत, ते कळाया नको का?"

तीन महिन्यांनी एका सकाळी ती गोळ्या द्यायला गेली. अप्पांनी तिचा हात धरला आणि हळूहळू बोलले. पहिल्यांदाच तिला शब्दन् शब्द समजला.



"बाई, तू लई करायलीस माझं. पण माझी लेक कामून येईना?"