दहा फुटांवरून

दुसऱ्या फोटो लॅबमधल्या मुलीने छापलेला नमुना पुढे केला, तेव्हा सुनेला आपलाच नवरा ओळखायला क्षणभर वेळ लागला. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. गालावरचा व्रणही गेला होता.

"याचं पुन्हा लग्न लावायचं नाहीये मला," ती म्हणाली.

मशीन आपोआप चेहरा उजळ करतं, लोकांना तसंच आवडतं, असं मुलीने सांगितलं. पहिल्या लॅबचा कागद इतका चकचकीत होता, की त्यात माणूस कमी आणि खिडकीच जास्त दिसत होती.

तिला नवरा हवा होता जसाच्या तसा, बसलेला, पुऱ्या मापाचा, आणि तोही गुरुवारच्या आत.

अपघातात तो गेला, त्याला दोन महिने झाले होते. सासूबाईंच्या हृदयाला धक्का झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यामुळे त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. त्या अंथरुणाला खिळलेल्या. तिथून दारापलीकडची त्याची खुर्ची दिसे. दिवेलागणीला त्या विचारत, "आला ना गं?" आणि ती म्हणे, "आले, आई. बसलेत. दमलेत फार." नजर अधू, म्हणून निभावलं होतं. गुरुवारी नवा चष्मा येणार होता.

नणंदेने फोनवर सुनावलंच होतं, की वहिनी, कागदाच्या नावेतून कुठवर जाशील? पण आईला खरं सांगायला तीही धजावत नव्हती.

तिसऱ्या लॅबमधल्या म्हाताऱ्या कारागिराने फाइल उघडण्याआधीच विचारलं, फोटो किती लांबून बघणार आणि कुठल्या उजेडात.

"दहा फुटांवरून. पिवळा बल्ब आहे."

"मग तो बल्बच घेऊन या. उजेड बदलला की कातडीचा रंग बदलतो."

तिने खुर्चीच्या वरचा बल्ब काढून नेला. त्याच्या उजेडात बघायला म्हणून कारागिराने चमक नसलेल्या जाड कागदावर चेहऱ्याच्या तीन पट्ट्या छापल्या. पहिली लालसर आली, दुसरी पिवळट. तिसरी बघताना ती नकळत स्वतःचे विस्कटलेले केस सारखे करू लागली.

"साहेबांना एकदा दाखवून घ्या," कारागीर म्हणाला.

त्यांना वेळ नसतो, असं सांगून तिने तोच कागद पक्का केला.

गुरुवारी संध्याकाळी, सासूबाईंचा डोळा लागलेला असताना, तिने बल्ब परत लावला आणि पुठ्ठ्यावर चिकटवून कापलेला नवरा खुर्चीत बसवला. मग अंथरुणाशी येऊन, सासूबाईंच्या उशीइतकी खाली वाकून पाहिलं. 'चहा ठेवू का?' असं ती विचारणारच होती.

जाग आल्यावर तिने त्यांना चष्मा लावून दिला. सासूबाई दाराकडे बराच वेळ बघत राहिल्या. आज त्यांनी विचारलं नाही. तिलाच राहवलं नाही.

"आले, आई. बसलेत."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग तिचा हात हातात घेऊन थोपटला.

"छान छापलाय," त्या हळूच म्हणाल्या. "पण उचल तो पुठ्ठा खुर्चीतून. रोज येऊन तिथे बसतो, तो आज केव्हाचा उभा आहे."