शेषरावाची अनामत

"कडी जुनीच हाय ना रे, शेषराव? बदलली तर नाई?" म्हणत महादेवरावांनी दाराची कडी पुन्हा ओढून पाहिली.

कडी जुनीच होती. दारही जुनंच होतं. खोलीतलं काहीच गेलं नव्हतं, आणि नेमकं तेच महादेवरावांना खुपत होतं. अमरावतीत त्यांच्या चार खोल्या भाड्याने दिलेल्या. भाडेकरू निघाला की त्याच्या अनामतीतून काहीतरी कापल्याशिवाय या गृहस्थांना जेवण गोड लागत नसे. एकाचे फुटक्या कौलांपायी कापले, दुसऱ्याचे भिंतीत ठोकलेल्या खुंटीपायी. आज मात्र कापायला काही सापडेना.

शेषराव माळी हात बांधून दारात उभा होता. बाहेर बैलबंडीवर सगळा संसार चढला होता. भाजीच्या टोपल्या, तराजू, जातं. बंडीपाशी त्याची बायको सत्यभामा पदराने तोंड झाकून उभी होती. तिला बघून महादेवरावांच्या मनात पाल चुकचुकली. घर सोडताना बाई दहादा आतबाहेर करते, काही राहिलं का बघते, डोळे पुसते. ही सकाळपासून उंबऱ्याच्या आत आली नव्हती.

"महिना भरला नाई, भाडं तर तू देऊन बसला. मंग मधातच काहून चालला?"

"वलगावले मळा भेटून राहिला, मालक. विहिरीचा. पंजाबराव पाटील मक्त्यानं देतो म्हनतात. पन सांजेपर्यंत वीस रुपये नाई पोचले, तर दुसऱ्याले जाते."

हे खोटं नव्हतं. दुसऱ्याच्या मळ्यातली वांगी विकण्यात शेषरावाची उमर चालली होती. एकदा तरी आपल्या मोटेच्या पाण्यावर आपली वांगी पिकवावी, एवढंच त्या माणसाला हवं होतं. आणि अनामतीचे वीस रुपये सोडले तर त्याच्याजवळ दुसरी दमडी नव्हती.

महादेवरावांचा विश्वास बसला तर ना! त्यांनी नाक वर करून वास घेतला. खोलीत कडुनिंबाचा धूर कोंडला होता. चुलीमागची जमीन ओली दिसत होती, ताजी सारवलेली. आता बोला! जाणारा माणूस दुसऱ्यासाठी घर सारवून जातो, असं कुठं ऐकलंय?

"चुलीमागं काय खोदलं रे?"

"खोदलं नाई, मालक. भोक होतं, बुजवलं."

बोलताना शेषराव बंडीकडे बघत होता. महादेवरावांनी काठीने जमीन ठोकून पाहिली. चांगली टणक लागली. पुरलेलं धन उकरलंय म्हणावं, तर तशीही खूण नाही. भाडेकरूने स्वतःच्या मेहनतीने मालकाचं भोक बुजवावं, हे काही त्यांना पटेना. याचे पैसे कापायचे तरी कसे?

"पानी कुठंतरी मुरून राहिलं," ते पुटपुटले. "बरं, थांब जरा. सकाळी खोली इचारून गेलेली भाडेकरीन येऊन राहिली. तिनं अनामत ठेवली का तेच पैसे तुले देतो."

ही त्यांची रीतच होती. घरच्या पेटीतला रुपया त्यांनी कधी कोणाला परत केला नाही.

थोड्या वेळाने वच्छला आली. डोक्यावर गाठोडं, कडेवर रांगतं लेकरू. नवरा कापसाच्या जिनात कामाला, तो मागून येणार होता. अकोल्याहून आलोय म्हणताच महादेवराव झटकन मागे सरले. अकोल्यात प्लेग होता. अमरावतीत अजून नाही, असं लोक म्हणत.

"तुमच्या घरात उंदीर मरून पडले होते काय?"

"आमच्या नाई, शेजारच्या घरात पडले. तिथलं एक मानूस वाचलं नाई, मालक. आमच्यात पडायची वाट काहून पाहू? लेकरू उचललं अन् निघाली. उंदीर पडल्यावर कोन थांबते?"

अकोल्याची म्हणून कोणी तिला खोली देत नव्हतं. हे महादेवरावांनी बरोबर ओळखलं, आणि अनामत विसाची पंचवीस केली. काय करेल बिचारी! तिने गाठ सोडून पैसे दिले. महादेवरावांनी एकेक रुपया दगडावर वाजवून घेतला. पाच आपल्या खिशात टाकले, वीस शेषरावाच्या हातावर ठेवले. शेषरावाने ते घाईघाईने कनवटीला खोचले.

वच्छलेने आत जाऊन लेकरू खाली सोडलं आणि भिंतीला टेकून बसली. कितीतरी दिवसांनी तिच्या डोक्यावर छप्पर आलं होतं. लेकरू रांगत चुलीकडे निघालं.

"किती छान सारवून ठेवलं हो बाई तुमी!" तिने आतूनच सत्यभामेला हाक दिली. "कोन करते दुसऱ्यासाठी इतकं? देव तुमचं भलं करो."

सत्यभामेच्या तोंडावरचा पदर गळाला.

"चाल, बस बंडीत," शेषराव म्हणाला. तिच्याकडे बघायची त्याला हिंमत होईना.

"पैसे काढा अगुदर."

"येडी झाली काय? मळा जाईन."

"जाऊ द्या."

शेषराव तसाच उभा राहिला. बैल जुंपलेले होते, वलगावची वाट समोर होती. मग त्याचा हात कनवटीकडे गेला. शेवटी त्याने वीसच्या वीस रुपये उंबऱ्यावर ठेवले.

महादेवराव चमकले. "काहून रे? खोटे निघाले काय?"

सत्यभामा धावत आत गेली, चुलीजवळचं लेकरू तिने उचललं आणि वच्छलेच्या मांडीवर ठेवलं.

"ऊठ, बाई. लेकरू घेऊन नीघ इथून. रातीपासून या घरात उंदीर पडून राहिले."