भैरवीचे धडधाकट मासे

भैरवीच्या माशांना काहीही होत नव्हतं, आणि तेच तिचं दुखणं होतं.

प्रयोगशाळेत काचेच्या दोन टाक्या शेजारी शेजारी होत्या. दोन्हींत बोटाएवढे पट्टेरी मासे. डावीकडचे जसे जन्मतात तसे; उजवीकडच्यांच्या डीएनएतून मात्र तिने एक तुकडा कापून टाकलेला. त्या तुकड्यापासून कुठलंच प्रथिन बनत नाही. माणसाच्या डीएनएचा बहुतेक भाग असाच, काही न बनवता बसून असतो, आणि शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं त्याला अडगळ म्हणून हिणवलं. पण हा तुकडा माशात आणि माणसात जवळपास सारखा. इतक्या काळात निसर्गाने तो फेकला नाही, म्हणजे कामाचा असणार, असं भैरवीचं म्हणणं. तो काढल्यावर मासे आजारी पडले की म्हणणं खरं, आणि पीएचडी पदरात.

मासे खाऊन-पिऊन मजेत होते. त्यांना पिल्लंसुद्धा झाली. देव पाण्यात घालून बसावं, तर पाणी यांनीच अडवलेलं.

"अवं, आपल्याकडे बैल बरा असला का माणूस खुश होते," गावाकडून, कुहीहून, तिचे बाबा फोनवर म्हणाले. "तू काहून रडून राहिली?"

रडण्याचं कारण होतं. जूनमध्ये शिष्यवृत्ती संपत होती. तोवर काही दिसलं नाही तर विषय बंद, असं तिच्या मार्गदर्शक चारुशीला मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी वीज गेली. भैरवी जेवून परतली तेव्हा खोलीची भट्टी झाली होती. नागपूरचं ऊन कुणाची भीड ठेवत नाही. दोन्ही टाक्यांचं पाणी सारखंच तापलं होतं. डावीकडचे मासे तळाशी जाऊन धापा टाकत होते. उजवीकडचे सगळे पोट वर करून तरंगत होते. कल्ले तेवढे हलत होते.

तिला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोला. त्या तुकड्याचं काम उन्हातलं होतं, आणि ती ते एसीच्या खोलीत शोधत बसली होती. आता फक्त उभं राहायचं आणि कोणता मासा केव्हा थांबतो ते टिपायचं. तिने मोबाइल बाहेर काढला. तेवढ्यात एका माशाचा कल्ला थांबला, आणि भैरवी जिन्यावरून धावत सुटली.

फाटकाबाहेरच्या रसवंतीवरून तिने बर्फ आणला. पिशव्यांत बांधून आधी उजवीकडच्या टाकीत सोडला, मग डावीकडच्या.

तिने फोन करून बोलावलेल्या मॅडम पोचल्या तोवर एक सोडून सगळे मासे सरळ झाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वेळ मोजलीस?"

"नाही."

"पाण्याचं तापमान?"

"राहून गेलं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "चार वर्षं हे आजारी पडायची वाट पाहून राहिली होतीस. आणि पडले तर डॉक्टरीण होऊन बसलीस. अगं, आता परत पाणी तापवावं लागेल. मुद्दाम, मोजून. जमेल तुला?"

भैरवीने उजवीकडच्या टाकीतून वितळलेल्या बर्फाची पिशवी बाहेर काढली.

"जमेल, मॅडम," ती म्हणाली. "पण बर्फ आधी आणून ठेवीन."